अठराव्या वर्षी मत येतं कुठून?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली की आपल्याकडे भुसावळ, अमळनेरच्या चहाच्या टपऱ्यांवर पण त्याची चर्चा रंगते, आणि कॉलेजची पोरं तर ठामपणे सांगतात की मी असतो तर अमक्यालाच मत दिलं असतं. का रे भो, असं विचारलं तर उत्तर येतं, "दिसतोच ना तो लीडर!" हसू नका, या उत्तरावर बऱ्यापैकी रिसर्च झालाय.

2005 मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीत अलेक्झांडर टोडोरोव आणि त्यांच्या टीमने लोकांना सिनेटच्या (तिकडच्या संसदेचं वरचं सभागृह) दोन-दोन उमेदवारांचे फोटो दाखवले आणि एवढंच विचारलं, यातला जास्त कर्तबगार कोण वाटतो? ज्याने कुणा उमेदवाराला चेहऱ्यावरून ओळखलं त्याचं त्या जोडीवरचं उत्तर बाद. तरी साधारण 70 टक्के वेळा लोकांनी बोट ठेवलेला माणूसच खरोखर निवडून आलेला होता, आणि काही जणांना तर फोटो फक्त एक सेकंद दाखवले होते!

2009 चा प्रयोग याहून भारी आहे. स्वित्झर्लंडमधल्या 5 ते 13 वर्षांच्या पोरांना एक बोटीचा खेळ दिला आणि विचारलं, या दोघांपैकी तुमच्या बोटीचा कॅप्टन कोण पाहिजे. फोटो होते फ्रान्सच्या संसदेच्या निवडणुकीतल्या उमेदवारांचे. पोरांना पक्ष माहीत नाही, जाहीरनामा माहीत नाही, तरी साधारण दहातल्या सात जोड्यांत त्यांचा कॅप्टन तोच निघाला जो निवडणूक जिंकलेला, म्हणजे मोठ्यांइतकंच! आता यावरून लोक फक्त थोबाड बघून मत देतात असं म्हणणं मला घाईचं वाटतं, कारण चांगला दिसणारा उमेदवार पक्ष मुद्दामच तगड्या सीटवर उभा करत असेल तरी आकडे असेच येणार. पण 2011 मध्ये अमेरिकेतच अजून एक गोष्ट दिसली, ती म्हणजे चेहऱ्याचा हा परिणाम राजकारणाची माहिती कमी आणि टीव्ही बघणं जास्त अशा लोकांवर सगळ्यात जास्त होतो. आता टीव्हीच्या जागी रील्स टाकून बघा.

घरचा वाटा तर आहेच. 1965 मध्ये अमेरिकेत बारावीच्या पोरांना आणि त्यांच्या आईबापांना वेगवेगळं विचारलं होतं, तेव्हा बऱ्याच घरात पक्ष एकच निघाला, पण बाकीच्या बऱ्याच मुद्द्यांवर मात्र मतं फारशी जुळेनात. म्हणजे बापाकडून झेंडा येतो, त्याच्यामागचं कारण येतंच असं नाही. आपल्याकडे पण "आमचं घर अमक्या पक्षाचं" असंच म्हणतात ना.

त्यात वयाचा एक वेगळा खेळ आहे. अमेरिकेतल्या मतदारांचा अनेक वर्षांचा डेटा घेऊन बसलेल्या संशोधकांना असं दिसलं की साधारण 14 ते 24 या वयात जो राष्ट्राध्यक्ष लोकप्रिय किंवा बदनाम असतो त्याचा ठसा पुढे चाळीस-पन्नास वर्षं मतांवर राहतो, चाळिशीत घडलेल्या गोष्टींचा तेवढा नाही. म्हणून एकाच घरात आजोबा आणि नातू एकाच बातमीवरून भांडतात, कारण दोघांचं अठरावं वर्ष वेगळ्या काळात गेलेलं असतं.

तिकडे पोरं थेट राष्ट्राध्यक्षाच्या नावापुढेच खूण करतात, (खरं तर त्यांचं मत पण आधी इलेक्टर, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, नेमतं, पण ते असो). आपल्याकडे राष्ट्रपतीला मत देतात निवडून आलेले खासदार आणि आमदार. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताची किंमत 175, ती पण 1971 च्या लोकसंख्येवरून काढलेली. जळगावचे 11, धुळ्याचे 5, नंदुरबारचे 4 असे खान्देशातून 20 आमदार जातात, म्हणजे 3500 झाले. 2007 ला जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा पण एका आमदाराच्या मताची किंमत हीच होती. म्हणून शहाद्याचा किंवा चोपड्याचा अठरा वर्षांचा पोरगा आमदारकीला जे बटण दाबतो ते आपल्याला माहीत नसताना राष्ट्रपती भवनापर्यंत जातं, आणि ते बटण दाबताना त्याच्या डोक्यात काय होतं, फोटो की घरचा झेंडा की नुकतंच झालेलं एखादं आंदोलन, हे तर त्याला पण नीट सांगता येत नाही.