विक्रांतवरची 30 विमानं: आकडा आणि त्यामागचं डेक

वर्धा-यवतमाळकडच्या अभ्यासिकांत भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या वहीत ‘विक्रांत’ या नव्या विमानवाहू युद्धनौकेपुढे एक ओळ हमखास असते: सुमारे 30 विमानं आणि हेलिकॉप्टरं. परीक्षेपुरतं ते पुरे. पण जहाजावर मावतात किती आणि त्यातली कामाला येतात किती, हे आकडे वेगळे. हंगामात हिंगणघाटला कापूस नेणाऱ्याला हे सांगायला नको. आवारात गाड्या कितीही मावोत, दिवसभरात काट्यावरून सुटतात तेवढ्याच खऱ्या.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी विमानं चिलखती हँगरात, म्हणजे डेकखालच्या दालनात ठेवली, अमेरिकनांनी बरीचशी उघड्या डेकवर. अमेरिकी जहाजांवर दुपटीहून जास्त विमानं मावली ती त्यामुळे. पुढे तिरकं डेक, म्हणजे उतरण्याची पट्टी थोडी बाजूला वळवलेलं डेक आलं आणि विमानं उतरताना समोर उभ्या विमानांवर आदळण्याचा धोका टळला.

1961 साली दाखल झालेल्या जुन्या विक्रांतला 1971 च्या युद्धात जागेची नव्हे, वाऱ्याची अडचण होती. चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला, म्हणून वेग कमी. वेग कमी म्हणजे डेकवरून वाहणारा वारा कमी, आणि विमानाला उचलता येणारं वजनही कमी. तरी कॉक्सबाजार आणि चितगाववर हल्ले झालेच.

त्या विक्रांतवर कॅटापुल्ट होतं, म्हणजे विमानाला जोराने पुढे फेकणारं यंत्र. 2013 ची ‘विक्रमादित्य’ आणि 2022 ची नवी विक्रांत यांच्यावर नाही. विमान स्वतःच्या इंजिनावर धावतं आणि पुढच्या चढावरून उडतं. लांब धाव घ्यायची तर ती उतरण्याच्या पट्टीतूनच जाते, म्हणजे एक उतरत असताना दुसऱ्याने थांबायचं. त्या पट्टीवर विमानं उभीही करता येत नाहीत. 262 मीटरचं जहाज ऐकायला मोठं वाटतं, उभं करायला जागा मात्र मोजकी.

खरा वाद लिफ्टचा. विमानं हँगर आणि डेक यांच्यात वर-खाली नेणाऱ्या नव्या विक्रांतच्या दोन्ही लिफ्ट मिग-29के हे लढाऊ विमान समोर ठेवून आखल्या. त्याचे पंख दुमडले की जवळपास 12 मीटरची रुंदी 8 मीटरच्या आत येते. लिफ्ट सुमारे 10 मीटर रुंद. त्या काळी हाताशी दुसरं विमान नव्हतं, हा बचाव मान्य. पण जहाज चार-पाच दशकं चालायचं असतं, विमान तेवढं टिकत नाही. एकाच विमानाच्या मापाने भोक पाडणं मला तरी आखूड नजरेचं वाटतं, कारण डेक नंतर वाढवता येत नाही आणि लिफ्ट तर त्याहून अवघड.

एप्रिल 2025 मध्ये 26 राफेल-एम या लढाऊ विमानांचा करार झाला: 22 एक आसनी, 4 दोन आसनी. राफेलचे पंख दुमडत नाहीत, रुंदी 10.9 मीटर. हँगरात नेण्याची खटपट वेगळीच, डेकवरही प्रत्येक विमान मिगहून जास्त जागा अडवणार. म्हणजे वहीतला 30 चा आकडा राफेलच्या हिशोबाने खाली येतो. स्वदेशी दोन इंजिनांच्या डेक-विमानाच्या आराखड्यात पंख दुमडणारे आहेत, पण ते विमान अजून उडालेलं नाही.