अमेरिकी विद्यापीठात वर्ष-दोन वर्षांसाठी जाताय? डीएस-२०१९ वरचा चौथा रकाना आधी वाचा

निमंत्रणपत्र आलं की घरात पहिली घाई होते ती मुंबईच्या व्हिसा-मुलाखतीची तारीख धरण्याची. आम्ही अशा अभ्यासकांना व्हिसाबाबत सल्ला देतो, आणि आमची विनंती आहे, त्याआधी थोडं थांबा. तिकडच्या विद्यापीठाचं परदेशी अभ्यासकांचं कार्यालय तुमच्यासाठी डीएस-२०१९ हा जे-१ व्हिसासाठी लागणारा फॉर्म तयार करेल. तो तयार होण्याआधी एक-दोन ईमेल करून काही गोष्टी विचारून घ्या. त्या फॉर्मवर एकदा जाऊन परत आलात की त्यातला एक शब्द पुढची दोन वर्षं तुमची वाट अडवू शकतो. हा शब्द चौथ्या रकान्यात असतो.

जे-१ म्हणजे एकच व्हिसा नव्हे

पीएचडीनंतरचं पोस्टडॉक असो, प्राध्यापकांची अभ्यासरजा असो की एका सत्रापुरतं शिकवणं असो, अमेरिकी विद्यापीठं अशा तात्पुरत्या कामासाठी बहुधा जे-१ देतात. १९६१ च्या शैक्षणिक आणि सांस्कृतिक देवाणघेवाण कायद्यावर ही योजना उभी आहे. ती अमेरिकेचं परराष्ट्र खातं चालवतं आणि विद्यापीठ तुमचं प्रायोजक असतं. म्हणजे व्हिसाचा प्रकार कागदावर विद्यापीठ ठरवतं, पण त्याचे परिणाम तुम्हाला भोगावे लागतात.

अभ्यासकांसाठी या जे-१ मध्ये मुख्य दोन वर्ग आहेत. ‘शॉर्ट-टर्म स्कॉलर’ला जास्तीत जास्त ६ महिने मिळतात आणि मुदतवाढ अजिबात नाही. ‘रिसर्च स्कॉलर’ किंवा ‘प्रोफेसर’ यांना ५ वर्षांपर्यंत राहता येतं. साहजिकच सगळ्यांना दुसरा वर्ग चांगला वाटतो. पण ही ५ वर्षं साठवलेल्या रजेसारखी तुकड्यातुकड्यांनी वापरता येत नाहीत. तुमचा कार्यक्रम संपला आणि सेव्हिस या सरकारी नोंदीत तो बंद झाला, की पुढचे २४ महिने तुम्हाला पुन्हा रिसर्च स्कॉलर किंवा प्रोफेसर म्हणून जाता येत नाही. मग आधी तुम्ही पाच वर्षं राहिला असाल किंवा फक्त चार महिने.

समजा, रसायनशास्त्राच्या एक प्राध्यापिका चार महिन्यांच्या रजेवर गेल्या. विद्यापीठाने नेहमीच्या सवयीने ‘रिसर्च स्कॉलर’ लिहिलं. वर्षभराने दुसऱ्या विद्यापीठाकडून तीन वर्षांचं चांगलं काम चालून आलं, तर जे-१ वर ते घेता येणार नाही. त्याच चार महिन्यांसाठी ‘शॉर्ट-टर्म स्कॉलर’ लिहिलं असतं तर ही अडचण आलीच नसती. म्हणून मुक्काम ६ महिन्यांच्या आतला असेल आणि लांबण्याची शक्यता नसेल, तर आम्ही जवळजवळ प्रत्येकाला शॉर्ट-टर्म मागून घ्यायला सांगतो. बंदी लागलीच असेल तर त्या २४ महिन्यांत शॉर्ट-टर्म म्हणून मात्र जाता येतं.

उलट, काम लांबण्याची थोडी जरी शक्यता असेल तर शॉर्ट-टर्म घेऊ नका, कारण तिथे सहा महिन्यांनंतर पर्याय उरत नाही. आणि रिसर्च स्कॉलर असताना दुसऱ्या विद्यापीठात जायचं ठरलं, तर नोंद बंद होण्याआधी ती तिकडे बदली करून घ्या. तसं केलं की राहिलेली वर्षं हातात राहतात. आधी परत येऊ, मग बघू, असं करू नका.

पती-पत्नी दोघेही संशोधक असतील तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. रिसर्च स्कॉलरसोबत जे-२ या कुटुंबीयांच्या व्हिसावर गेलेल्या जोडीदारालाही हीच २४ महिन्यांची बंदी लागते. एकीच्या पोस्टडॉकसाठी दुसरा सोबत गेला, परत आल्यावर त्याला स्वतःचं पोस्टडॉक मिळालं, आणि तेव्हा हे कळलं, असं होतं. अशा जोडप्यांनी दोघांची पुढची चार-पाच वर्षं एकत्र मांडून मगच ठरवावं.

याशिवाय १२ महिन्यांचाही एक नियम आहे. गेल्या १२ महिन्यांत विद्यार्थी किंवा जोडीदार म्हणून, कुठल्याही रूपात जे-१ किंवा जे-२ दर्जावर ६ महिन्यांहून जास्त अमेरिकेत राहिला असाल, तर नव्याने रिसर्च स्कॉलर होता येत नाही. शॉर्ट-टर्म स्कॉलर म्हणून काढलेले दिवस यात धरत नाहीत.

‘दोन वर्षं मायदेशी’ हा नियम वेगळा

वरची बंदी आणि हा नियम यांची गल्लत आम्हाला रोज दिसते. इथे अट अशी, की जे-१ संपल्यावर मायदेशी दोन वर्षं राहिल्याशिवाय एच किंवा एल वर्गाचा (मुख्यतः नोकरीचा) व्हिसा आणि ग्रीन कार्ड मिळत नाही. ती तिघांना लागते : ज्यांचा खर्च भारत किंवा अमेरिका सरकारने केला ते, वैद्यकीय पदव्युत्तर प्रशिक्षणाला गेलेले डॉक्टर, आणि ज्यांचा विषय त्यांच्या देशापुरत्या ‘स्किल्स लिस्ट’ या कौशल्यांच्या अमेरिकी सरकारी यादीत आहे ते.

९ डिसेंबर २०२४ पासून या यादीतून भारत वगळला गेला. म्हणजे केवळ विषयामुळे ही अट आता भारतीयांना लागत नाही, आणि जे त्याआधी जाऊन आले त्यांनाही याचा लाभ आहे. पासपोर्टवरच्या जुन्या व्हिसावर ‘२१२(ई) लागू’ (म्हणजे हीच दोन वर्षांची अट) असा शेरा असेल तर घाबरू नका, पण तो आपोआप पुसला गेला असंही समजू नका. खर्च कुणी केला होता ते पाहावं लागतं. फुलब्राइट-नेहरूसारखी सरकारी शिष्यवृत्ती असेल तर अट कायम आहे.

एच-१बी, ओ-१ आणि छोटी भेट

विद्यापीठांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक मर्यादेतून सूट आहे. त्यामुळे लॉटरी नाही आणि वर्षभरात केव्हाही अर्ज करता येतो. आधी ३ वर्षं आणि एकूण ६ वर्षं मिळतात. पण २१ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने, अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठी केलेल्या नव्या अर्जावर १,००,००० डॉलरचा भरणा आला. घोषणेची मूळ मुदत १२ महिन्यांची आहे, म्हणून अर्जाच्या दिवशीची स्थिती विद्यापीठाकडून लेखी घ्या. अमेरिकेतच राहून जे-१ वरून एच-१बी वर दर्जा बदलून घेणाऱ्यांना हा भरणा लागत नाही, असं तिथल्या इमिग्रेशन खात्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं. वर सांगितलेली दोन वर्षांची अट तुम्हाला लागू आहे की नाही, याला म्हणूनच आता फार महत्त्व आलं आहे.

ओ-१ हा व्हिसा ज्यांचं काम ठळकपणे नावाजलेलं आहे अशांसाठी. आठ निकषांपैकी किमान तीन दाखवावे लागतात : पुरस्कार, इतरांच्या संशोधनाचं परीक्षण, स्वतःचे शोधनिबंध वगैरे. नोबेल लागत नाही. मध्यम वयाच्या अनेक प्राध्यापकांची फाईल यात बसू शकते आणि त्यांना स्वतःला त्याची कल्पना नसते.

एक-दोन व्याख्यानांपुरतं जायचं असेल तर बी-१ हा छोट्या भेटीचा व्हिसा पुरतो. मानधनही घेता येतं, मात्र एका संस्थेत ९ दिवसांपेक्षा जास्त नाही आणि ६ महिन्यांत ५ पेक्षा जास्त संस्थांकडून नाही. या व्हिसावर पगारी काम करायचं नाही.

पैसे आणि घर

व्हिसा अर्जाची फी १८५ डॉलर आणि जे-१ साठी सेव्हिसची २२० डॉलर. विमा मात्र नीट वाचून घ्या. प्रत्येक आजार किंवा अपघातामागे किमान १,००,००० डॉलरचं संरक्षण आणि स्वतःच्या खिशातून भरायचा पहिला हिस्सा ५०० डॉलरपेक्षा जास्त नाही, अशी जे-१ ची सक्त अट आहे. कुटुंबालाही ती लागू आहे. इथून घेतलेला साधा प्रवासविमा यात बसेलच असं नाही.

जे-२ जोडीदाराला तिथे पोहोचल्यावर कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. एच-१बी सोबत जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ वर ते इतकं सोपं नाही. नोकरी करणाऱ्या जोडीदारासाठी आम्ही हा मुद्दा पगाराच्या आकड्याइतकाच वजनदार मानतो.

भारत-अमेरिका करकराराच्या कलम २२ नुसार शिकवण्या-संशोधनाच्या पगारावर तिथल्या केंद्रीय आयकरातून दोन वर्षं सूट मिळू शकते. पण मुक्काम दोन वर्षांच्या पुढे गेला तर ही सूट पहिल्या दिवसापासून जाते आणि मागचा सगळा कर भरावा लागतो. मुदतवाढ घेण्याआधी हा हिशेब करा. कॅलिफोर्नियासारखी राज्यं आपल्या राज्य-करासाठी हा करार मानत नाहीत.

मुलाखत

महाराष्ट्रातल्या अर्जदारांची मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होते. आपलं संशोधन शेजाऱ्याला समजेल अशा चार वाक्यांत सांगायची तयारी करा. जून २०२५ पासून जे-१ अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. काही तांत्रिक विषयांत व्हिसा-कायद्याच्या कलम २२१(जी) खाली अधिक तपासणी होते आणि पासपोर्ट आठवडेच्या आठवडे अडकतो, म्हणून रुजू होण्याच्या तारखेआधी किमान चार महिने हाताशी ठेवा. आणि एक गैरसमज : पासपोर्टवरचा व्हिसा फक्त प्रवेशासाठी असतो. तिथे किती दिवस राहायचं ते डीएस-२०१९ आणि आय-९४ या तिथल्या प्रवेशाच्या नोंदीवर ठरतं. व्हिसा तिथे असताना संपला तर तुम्ही बेकायदा होत नाही, पण दिवाळीला घरी आलात तर परत जाण्याआधी नवा घ्यावा लागतो.

आमच्याकडे येताना

आम्ही वकील नाही आणि व्हिसा मिळवून देण्याची हमी देत नाही. तशी हमी कुणी देत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. विद्यापीठाला काय विचारायचं, कोणता वर्ग मागायचा आणि कागद कसे लावायचे, हे आम्ही तुमच्यासोबत बसून ठरवतो. एच-१बी आणि ओ-१ चं काम विद्यापीठाचे वकील करतात.

पहिल्या भेटीला निमंत्रणपत्र, बायोडेटा, पासपोर्टची प्रत आणि आजवरचे सगळे जुने डीएस-२०१९ घेऊन या. विद्यार्थीदशेतले आणि जोडीदाराचेही. मूळ कागद नकोत, झेरॉक्स पुरेत. फॉर्म अजून तयार झाला नसेल तर त्याच आठवड्यात या.