मुंगूस, हंस आणि इंग्रजीतले 'अपवाद'

इंग्रजीत एक 'गूस' आणि अनेक 'गीस'. मग एक 'मंगूस' आणि अनेक 'मंगीस' का नाहीत? इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना हा प्रश्न हमखास पडतो आणि 'तो अपवाद आहे, पाठ कर' यापलीकडे उत्तर सहसा मिळत नाही. उत्तर मात्र आपल्याच भाषेत दडले आहे. 'मंगूस' हा शब्द इंग्रजीने १७व्या शतकाच्या अखेरीस मराठी 'मुंगूस'वरून उचलला. शेवटी 'गूस' ऐकू आले म्हणून स्पेलिंगही तसेच रुळले, पण त्या पक्ष्याशी मुंगसाचे काडीचे नाते नाही. ज्या नियमाने 'गूस'चे 'गीस' झाले, तो नियम मुंगूस इंग्रजीत पोचण्याच्या हजारएक वर्षे आधीच बंद पडला होता. उशिरा आलेल्या पाहुण्याला चालू नियम लागला: शेवटी 'एस' जोडा आणि मोकळे व्हा.

हे एक उदाहरण नीट समजले, की इंग्रजीतल्या अनियमित अनेकवचनांकडे पाहण्याची नजरच बदलते. हे शब्द नियम मोडणारे नाहीत. ते जुने नियम पाळत राहिले, भोवतालची भाषा बदलत गेली. व्याकरणाच्या पुस्तकांनी त्यांना 'अपवाद' म्हणून एका यादीत कोंबले, हा त्यांच्यावर अन्याय आहे असे मला मनापासून वाटते.

पाचव्या शतकात अँगल, सॅक्सन आणि ज्यूट टोळ्या आपल्या जर्मानिक (म्हणजे जर्मन, डच यांच्या कुळातल्या) बोली घेऊन ब्रिटनमध्ये आल्या. त्यातून घडलेली जुनी इंग्रजी आजच्या इंग्रजीपेक्षा संस्कृतला जवळची वाटावी अशी होती. तीन लिंगे, विभक्तीचे प्रत्यय आणि नामांचे वेगवेगळे गट. 'देव', 'वन', 'माला', 'राजन्' यांची रूपे जशी वेगवेगळी चालतात, तशीच तिथेही चालत. अनेकवचन करण्याची एकच एक रीत नव्हतीच. दगडाला 'स्तान' म्हणत, त्याचे अनेकवचन 'स्तानास'; आजचा 'एस' आला तो या गटातून. 'नामा' म्हणजे नाव, त्याचे अनेकवचन 'नामान'. आणि काही शब्दांना अनेकवचनात काहीच लागत नसे.

यातला 'न'चा गट आपल्याला फार ओळखीचा आहे. बैलाला जुन्या इंग्रजीत 'ऑक्सा' म्हणत आणि अनेक बैलांना 'ऑक्सान'. संस्कृतात बैलाला 'उक्षन्' असा शब्द आहे: एकवचन 'उक्षा', अनेकवचन 'उक्षाणः', अगदी 'राजा–राजानः' सारखे. हा योगायोग नव्हे. दोन्ही भाषा एकाच प्राचीन भाषेच्या वंशातल्या आहेत, आणि 'ऑक्सन' मधला तो शेवटचा 'न' हा 'उक्षन्' मधलाच 'न' आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकच असावा, जर्मानिक भाषाही त्याच कुळातल्या असाव्यात, असे विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत मांडले, ते अशाच साम्यांच्या आधारे. इंग्रजीत हा गट एके काळी भरलेला होता. आज त्यातला 'ऑक्सन' हा एकटाच अस्सल वारस उरला आहे.

आता 'गीस'कडे येऊ. 'गूस' आणि 'हंस' हे एकाच मूळ शब्दाचे वंशज. जर्मन भाषेतल्या 'गान्स' मध्ये तो अनुनासिक अजून ऐकू येतो. इंग्रजीत तो गळला, मागचा स्वर लांबला आणि 'गोस' झाले. ('टूथ' आणि 'दन्त' यांचेही तसेच: तिथलाही 'न' गळला.) लेखी पुरावे मिळू लागण्याआधीच्या काळात या गटाच्या अनेकवचनी प्रत्ययात 'इ' होता. बोलताना जीभ पुढे येणाऱ्या 'इ'च्या तयारीला आधीच लागते. त्या ओढीने मागचा 'ओ' हळूहळू 'ए'कडे सरकला. पुढे ज्याच्यामुळे हा बदल झाला तो 'इ' स्वतःच झडून गेला, पण बदललेला स्वर मागे राहिला. आधी जो उच्चाराचा निव्वळ परिणाम होता, तोच आता अनेकवचनाची एकमेव खूण बनला. असे 'गोस–गेस', 'फोत–फेत', 'मान–मेन' तयार झाले. 'फूट' म्हणजे आपला 'पाद', 'माउस' म्हणजे 'मूषक'. सगळी जुनी भावंडे.

हा स्वरबदल फक्त अनेकवचनांत झाला असेही नाही. 'फूड' आणि 'फीड', 'ब्लड' आणि 'ब्लीड', 'फुल' आणि 'फिल', 'लाँग' आणि 'लेंग्थ', 'ओल्ड' आणि 'एल्डर' या सगळ्या जोड्यांमागे तोच गळून गेलेला 'इ' आहे. अपवाद म्हणावा, तर हा अपवाद भाषेत केवढा खोल रुजला आहे! त्यानंतर साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर एका पाठोपाठ एक सरकले, तेव्हा 'गोस–गेस'चे 'गूस–गीस' झाले आणि 'मूस'चे 'माउस'.

मग 'माउस'चे 'माइस' होते, तर 'हाउस'चे 'हाइस' का नाही? कारण 'हूस' हा शब्द वेगळ्या गटातला होता. तो नपुंसकलिंगी, आणि त्या गटातल्या दीर्घ शब्दांना अनेकवचनात प्रत्ययच लागत नसे. एक 'हूस', दहा 'हूस'. 'शीप' आणि 'डिअर' हेही याच गटातले आणि ते आजतागायत तसेच आहेत. मराठी माणसाने याचे आश्चर्य मानू नये. आपणही एक दगड, दहा दगड असेच म्हणतो. एक हात, दोन हात. प्राकृतातून येताना शेवटचे स्वर झिजले आणि दोन्ही वचने सारखी झाली. 'हाउस'ला मात्र पुढे 'एस' चिकटला.

कोणते शब्द टिकले आणि कोणते बदलले यात एक सूत्र दिसते. पाय, दात, उंदीर, बैल, मूल, माणूस हे रोज तोंडी असणारे शब्द मुले शाळेत जायच्या कितीतरी आधी शिकतात आणि जसे ऐकतात तसेच पुढे नेतात. क्वचित कानावर पडणारा शब्द असेल तर आठवत नाही म्हणून माणूस सरळ चालू नियम लावतो. अर्थात रोजचा वापर ही हमी नव्हे. पुस्तकाला 'बोक' म्हणत आणि अनेकवचन 'बेच' होते. ते टिकले असते तर आज इंग्रजीत एक 'बुक' आणि अनेक 'बीच' म्हणावे लागले असते.

'एस'ची सरशी उत्तर इंग्लंडातून सुरू झाली. दक्षिणेत बराच काळ 'एन'चा जोर होता: 'आयन' म्हणजे डोळे, 'शून' म्हणजे जोडे, 'हाउझन' म्हणजे घरे. दोन रीती एकाच देशात शेजारी शेजारी नांदत होत्या. त्यातून काय गोंधळ उडत असे याची एक सुंदर गोष्ट विल्यम कॅक्स्टनने लिहून ठेवली आहे. १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढून इंग्लंडमध्ये छपाई आणणारा हाच तो माणूस. १४९० मध्ये छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो सांगतो, की नेदरलँड्समधल्या झीलंडला निघालेले काही व्यापारी वारा पडल्यामुळे थेम्सच्या मुखाशी अडकून पडले आणि खाण्याचे पाहायला किनाऱ्यावर उतरले. त्यातल्या शेफील्ड नावाच्या एकाने घरधनिणीकडे 'एगीज' मागितली. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हती. त्याला फक्त अंडी हवी होती. अखेर दुसरा कोणी म्हणाला, 'आयरेन' द्या. तेव्हा कुठे बाईंना उमगले. आता माणसाने लिहावे तरी काय, 'एगीज' की 'आयरेन', असा प्रश्न कॅक्स्टनने विचारला आहे, आणि तो छापणाऱ्याचा खरा प्रश्न होता.

या एका अंड्यात इंग्रजीचा अर्धा इतिहास आहे. 'एग' हा स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतला शब्द, त्याला इंग्रजीने आपला 'एस' जोडला. 'आयरेन' हा मूळ इंग्रजी, आणि त्यात अनेकवचनाचे दोन प्रत्यय एकावर एक चढलेले: आधीचा 'र', आणि त्याचे अनेकवचनपण विसरले गेल्यावर वर लावलेला 'एन'. हुबेहूब असाच दुसरा शब्द आजही जिवंत आहे, 'चिल्ड्रन'. 'चाइल्ड'चे 'चिल्डर' झाले होते, तेवढे पुरेसेही होते, आणि उत्तरेतल्या काही बोलींत ते तसेच राहिले. दक्षिणेत त्यावर आणखी 'एन' चढला. 'ब्रदर'चे 'ब्रेदरन' आणि गाईंसाठीचा जुना 'काइन' हेही असेच दुहेरी. 'काइन' हे रूप १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये, म्हणजे बायबलच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात, आहे.

लॅटिन-ग्रीक अनेकवचनांबद्दल मात्र मला फारसे ममत्व नाही. 'क्रायटेरिया', 'फिनॉमिना' ही रूपे पंडितांनी ग्रंथांतून आणली, तोंडातोंडी ती वाढली नाहीत. त्यामुळे तिथे चुकाही पांडित्याच्याच होतात. 'ऑक्टोपस' लॅटिन समजून कोणी 'ऑक्टोपाय' केले, पण शब्द मुळात ग्रीक आहे, लॅटिनची ती रीत त्याला लागूच होत नाही. 'ऑक्टोपसेस' म्हणणारा सामान्य माणूस जास्त बरोबर. उलटी गंमतही घडली आहे. वाटाण्याला 'पीझ' हे एकवचनच होते. शेवटचा आवाज ऐकून लोकांना ते अनेकवचन वाटले आणि 'पी' असे नवे एकवचन जन्मले. 'चेरी'चीही तीच कथा.

सर्वनामांत ही जुनी नाती आणखी ठळक दिसतात. इंग्रजीत कर्ता 'आय' आणि कर्म 'मी', एकाचा दुसऱ्याशी ध्वनीचा काही संबंध नाही. पण संस्कृतातही 'अहम्' आणि 'माम्' असेच आहे, 'वयम्' आणि 'अस्मान्' असेच. ही विसंगती इंग्रजीने निर्माण केलेली नाही, ती आपल्या समाईक पूर्वजांकडून आली. जुन्या इंग्रजीत द्विवचनही होते: 'विट' म्हणजे आपण दोघे, 'यिट' म्हणजे तुम्ही दोघे. १३व्या शतकाच्या सुमारास ते लोपले.

'दे', 'देम', 'देअर' ही तर चक्क उसनी सर्वनामे आहेत. कोणतीही भाषा नामे सहज घेते, सर्वनामे सहसा नाही. पण जुन्या इंग्रजीत 'तो' म्हणजे 'हे', 'ती' म्हणजे 'हेओ' आणि 'ते लोक' म्हणजे 'हिए'. उच्चार झिजत गेले तसे हे तिन्ही एकमेकांत मिसळू लागले. ८७८ मध्ये राजा आल्फ्रेडने व्हायकिंगांचा डॅनिश म्होरक्या गुथ्रम याचा पराभव केला, तरी इंग्लंडचा उत्तर-पूर्व भाग डॅनिश अमलाखाली राहिला. तिथे शेजारी राहणाऱ्या, एकमेकांत लग्ने करणाऱ्या लोकांकडून नॉर्स सर्वनामे इंग्रजीत शिरली आणि दक्षिणेकडे सरकली, तीही एकेक करून. १४व्या शतकाच्या शेवटी लंडनमध्ये लिहिणाऱ्या कवी चॉसरकडे 'दे' आहे, पण 'देम'च्या जागी जुने 'हेम'च. आज बोलताना जो तुटक 'एम' ऐकू येतो, तो 'देम'चा संक्षेप नसून त्या 'हेम'चाच अवशेष आहे.

'यू'ची कहाणी मराठी वाचकाला कोणाहीपेक्षा लवकर कळेल, कारण अरे-तुरे आणि अहो-जाहो यांतला फरक आपण रोज जगतो. 'दाऊ' म्हणजे 'तू', आणि 'यी' म्हणजे 'तुम्ही'. 'यू' हे 'यी'चे कर्मरूप. १३व्या शतकापासून फ्रेंच दरबारी रीतीच्या प्रभावाने एका माणसालाही आदराने अनेकवचनात बोलू लागले. १६०३ मध्ये सर वॉल्टर रॅलीवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक त्याच्यावर ओरडला, की देशद्रोह्या, मी तुला 'दाऊ' म्हणतो! भर न्यायालयात सरदाराला अरे-तुरे करण्यात किती अपमान होता, हे आपल्याला वेगळे समजवावे लागत नाही. पुढे सगळेच सगळ्यांना 'यू' म्हणू लागले. जॉर्ज फॉक्सच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या अनुयायांनी देवापुढे सगळे समान म्हणून श्रीमंतांनाही 'दाऊ' म्हणण्याचा आग्रह धरला आणि त्यासाठी मारही खाल्ला. इंग्रजीने समानता आणली, पण सगळ्यांना 'तुम्ही' करून. त्यात एकवचन-अनेकवचनाचा भेद मात्र गेला, म्हणून 'यॉल' आणि 'यूझ' अशी नवी अनेकवचने बोलीभाषांत घडली.

'इट्स' हे रूप तर आश्चर्य वाटावे इतके नवे, १६व्या शतकाच्या अगदी शेवटचे. त्याआधी निर्जीव वस्तूंनाही 'हिज' लावत. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये 'इट्स' एकदाही नव्हते. त्यातल्या लेवीयच्या पुस्तकात एके ठिकाणी नुसते 'इट' होते, तिथे १६६० च्या आवृत्तीत 'इट्स' आले.

राहिला सध्या गाजणारा वाद: एका व्यक्तीसाठी 'दे' वापरावे का. स्त्री की पुरुष हे ठाऊक नसताना असे 'दे' १४व्या शतकापासून लिहिले जात आहे. १८व्या शतकातल्या व्याकरणकारांनी तिथे 'ही' वापरण्याचा नियम घातला, आणि १८५० मध्ये ब्रिटिश संसदेने कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही येतात असे ठरवून टाकले. 'थॉन' नावाचे नवे सर्वनाम १९व्या शतकात सुचवले गेले, वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशाच्या १९३४ च्या आवृत्तीत शिरले आणि पुढच्या मोठ्या आवृत्तीतून बाहेर पडले. लोक 'दे'च बोलत राहिले. मेरियम-वेबस्टरने २०१९ चा शब्द म्हणून त्याचीच निवड केली. एकाला 'दे' म्हणताना क्रियापद अनेकवचनी राहते, ही विरोधकांची मोठी तक्रार असते. पण 'यू आर' म्हणताना सगळे तेच करतात. 'यू' मधला वचनभेद आता फक्त 'युअरसेल्फ' आणि 'युअरसेल्व्ज' या जोडीत शिल्लक आहे. 'देमसेल्व्ज'च्या शेजारी 'देमसेल्फ' हे मध्ययुगात चालणारे रूप आता पुन्हा कोशांत दिसू लागले आहे.