पिल्ले बाहेर काढणे

कोंबडीची लहान पिल्ले घरातल्या उबेतून काढून परड्यात किंवा अंगणातल्या खुराड्यात कायमची राहायला नेण्याची रीत. सातारा-सांगली भागात ‘पिलं भाईर काढली’ म्हणतात ते हेच. खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांना आईच बाहेर नेते, पंखाखाली घेते आणि दीड-दोन महिन्यांनी टोचून दूर लोटते. माणसाला डोके लावावे लागते ते यंत्रात उबवलेल्या, आई नसलेल्या पिल्लांसाठी. बंगळूरची गिरिराज, हैदराबादची वनराज अशा परसातल्या जातींची एक दिवसाची पिल्ले आता खेडोपाडी विकत आणतात, त्यामुळे हे काम घरोघरी आले आहे.

अंड्यातून २१ दिवसांनी निघालेल्या पिल्लाच्या अंगावर पिसे नसतात, नुसती लव असते. ती लगेच भिजते आणि गारठाही अडवत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाजवळ ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते. पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत जायचे. त्यासाठी उबेसाठी वर टांगलेला बल्ब थोडा थोडा वर बांधत नेला की पुरते. तापमापक नसला तरी पिल्लांकडे पाहून कळते. बल्बखाली एकमेकांवर चढून केविलवाणी चिवचिवत असतील तर ती गारठली आहेत. कडेला जाऊन चोच उघडी टाकून धापत असतील तर त्यांना उकडते आहे.

बाहेर कधी काढायचे, याला बहुतेक जण ‘पाचव्या-सहाव्या आठवड्यात’ असे उत्तर देतात. ते ढोबळमानाने बरोबर आहे, पण आठवडे मोजण्यापेक्षा पिल्लू हातात घेऊन पाहावे. पंखांची पिसे पहिल्याच आठवड्यात दिसू लागतात, मागून शेपटीची आणि पाठीची येतात. छाती-पोट मात्र मागे राहते. पिल्लू पोट टेकून बसते, तेव्हा जमिनीचा गारवा नेमका तिथूनच शिरतो. छातीवरून अंगठा फिरवावा. मऊ लव किंवा कोवळ्या पिसांच्या काट्यासारख्या नळ्या लागल्या तर अजून थांबावे. एकावर एक चापून बसलेली पिसे लागली तर ते रात्र काढू शकते.

खरी परीक्षा रात्रीचीच असते. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात हिवाळ्यात दुपारी ऊन चटका देते आणि पहाटे हुडहुडी भरते. दुपारी मातीत लोळणारी पिल्ले पाहून माणूस फसतो, त्यांना तशीच बाहेर ठेवतो आणि सकाळी कोपऱ्यात ढीग सापडतो. थंडीने पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. म्हणून खुराड्याचे कोपरे पुठ्ठा लावून गोल करून घ्यावेत. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे गारठ्याइतकीच ओलही घातक असते. ओल्या जमिनीवर रक्ती हगवणीचे जंतू जोर धरतात, त्यामुळे तिकडे भर पावसात पिल्ले बाहेर काढूच नयेत. खाली भाताचा तूस किंवा शेंगांची टरफले अंथरून रोज हलवावीत. उसाचे पाचट फुकट मिळते, पण ओले झाले की त्याला बुरशी येते.

पिल्ले एकदम हलवू नयेत. आधी दव वाळल्यावर तासभर डालग्याखाली, म्हणजे उपड्या घातलेल्या मोठ्या टोपलीखाली, अंगणात ठेवावीत. डालग्यावर दगड, अर्ध्या भागावर गोणपाट, म्हणजे ऊन आणि सावली दोन्ही मिळते. वेळ रोज थोडी वाढवावी. घरात आधी दिवसाचा बल्ब बंद करावा, मग रात्रीचा. बल्बाविना चार-पाच रात्री नीट गेल्या की खुराड्यात न्यावीत. तिथेही पहिले तीन-चार दिवस कोंडूनच ठेवावीत, म्हणजे त्यांना ते घर वाटू लागते. मोकळी सोडल्यावर पहिल्या संध्याकाळी ती दार सोडून भिंतीशी गोळा होतात. एकेक उचलून आत ठेवावे लागते. दोन-चार दिवसांत आपली आपण शिरू लागतात.

राणीखेतची, म्हणजे मानमोडीची, लस पहिल्या आठवड्यात आणि गंबोरो या पिल्लांच्या दुसऱ्या साथीच्या रोगाची दुसऱ्या आठवड्यात दिलेली असावी. लस देणे आणि घर बदलणे एकाच दिवशी करू नये; दोन्हींचा ताण एकदम पडतो.

घार दिसली की कोंबडी वेगळाच आवाज काढते आणि पिल्ले दडतात. बिनआईच्या पिल्लांना हा इशारा देणारे कोणी नसते. त्यांच्यावर जुने मासेमारीचे जाळे ताणावे, किंवा त्यांना दाट झाडाखाली फिरू द्यावे. ऊस खुराड्याला लागून असेल तर मुंगसाची भीती जास्त. बारीक जाळी वीतभर जमिनीत पुरावी आणि दिवेलागणीला दार लावताना पिल्ले मोजून घ्यावीत.