इलेक्ट्रिक गाडीची काच: काळेपणा वेगळा, ऊन वेगळं

पुण्यात नवी इलेक्ट्रिक गाडी घरी आली की आठवड्याभरात काचेच्या फिल्मचा विषय निघतोच. नाना पेठेतल्या ॲक्सेसरीच्या दुकानात मग दोन प्रश्न विचारले जातात: पोलीस पकडतील का, आणि ऊन किती थांबेल? दुकानदार दोन्हींचं उत्तर एकाच आकड्यात देतो, ‘सत्तर टक्के’, म्हणजे काचेतून आरपार जाणारा दृश्य प्रकाश. त्या आकड्याचा संबंध फक्त पहिल्या प्रश्नाशी आहे. काच किती काळी दिसते आणि किती ऊन अडवते या दोन गोष्टी एकच मानायची सवय पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या तंत्रामुळे लागली. पुढे तंत्र बदललं, सवय राहिली.

काचेवर चिकटवायच्या सूर्यरोधक फिल्मचं पेटंट अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीला १९६६ साली मिळालं. पॉलिस्टरच्या पातळ पापुद्र्यावर ॲल्युमिनियमची वाफ बसवायची, म्हणजे ऊन आरशासारखं परत फिरतं, अशी ती कल्पना. इमारतींना ती मानवली. गाड्यांसाठी मात्र रंगवलेली फिल्म स्वस्त पडायची, म्हणून बाजारात तीच चालली. हा रंग दिसणारा प्रकाश शोषतो, पण उष्णतेचा मोठा वाटा असलेल्या अवरक्त किरणांना जवळपास मोकळी वाट देतो. त्यामुळे ऊन अडवायचं तर काच गडद करण्यावाचून उपाय नव्हता. शिवाय अतिनील किरणांनी रंगाचे रेणू तुटत आणि दोन-तीन उन्हाळ्यांत फिल्म जांभळी पडे. जांभळी, बुडबुडे आलेली मागची काच ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी या तंत्राचा शेवटच पाहिला आहे.

या धंद्याचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. कर्वे रस्त्यावरच्या महाविद्यालयामुळे आबासाहेब गरवारे हे नाव प्रत्येक पुणेकराला माहीत असतं. त्यांनी उभारलेली पॉलिस्टर फिल्मची कंपनी छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि चिकलठाणा इथे सनफिल्म बनवते. तिच्या मालाचा मोठा हिस्सा परदेशात जातो. देशातली बाजारपेठ कायद्याने आवळल्यावर हे ओघानेच आलं.

तो कायदा म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १००. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे, असं तो सांगतो. काच ‘अशी असावी आणि अशा स्थितीत राखावी’ असे शब्द त्यात होते. विक्रेत्यांनी ‘राखावी’ हा शब्द पकडला: फिल्म लावूनही टक्केवारी भरत असेल, तर हरकत काय? सर्वोच्च न्यायालयाने ‘अविषेक गोएंका विरुद्ध भारत सरकार’ या जनहित याचिकेवर २७ एप्रिल २०१२ रोजी हा अर्थ नाकारला. टक्केवारी काच बनतानाच साधलेली असली पाहिजे. नंतर कोणत्याही टक्केवारीची काळी फिल्म किंवा दुसरं काही सुरक्षा काचेवर लावायचं नाही, असा निकाल लागला. ४ मेपासून अंमलबजावणी सुरू झाली आणि चौकाचौकांत ब्लेडने फिल्म खरवडणारे पोलीस दिसू लागले. फिल्म उत्पादक आणि विक्रेत्यांचे अर्ज ऑगस्ट २०१२ मध्ये फेटाळले गेले. झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांना तेवढी सवलत राहिली. याचिकेचा मुद्दा गुन्ह्यांचा होता, काळ्या काचेआड काय चाललंय ते दिसत नाही हा. उष्णतेचा प्रश्न न्यायालयापुढे मुख्य नव्हताच, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

कारण तोवर प्रयोगशाळांत काळेपणा आणि उष्णता यांची फारकत झाली होती. आधी निर्वात कक्षात धातूचे अतिपातळ थर बसवलेल्या फिल्म आल्या. त्या उष्णता छान परतवतात, पण रेडिओ लहरीही अडवतात. आज हा दोष फार नडतो, कारण फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर बोलतो आणि पुढच्या काचेला आतून चिकटलेला असतो. धातूचा थर असलेल्या काचेवर म्हणूनच कारखाने टॅगपुरती खिडकी मोकळी सोडतात. जीपीएस आणि गाडीतल्या सिमकार्डवर चालणारं ॲप यांचंही तेच. नंतर सिरॅमिक फिल्म आली. तिच्यात अँटिमनी-टिन ऑक्साइड, लँथॅनम हेक्साबोराइड, सीझियम-टंगस्टन ऑक्साइड यांसारख्या संयुगांचे नॅनो आकाराचे कण असतात. ते दृश्य प्रकाश बराचसा जाऊ देतात, अवरक्त किरण शोषतात आणि लहरींच्या आड येत नाहीत. तिसरा प्रकार दोनशेहून अधिक पॉलिमर थरांचा. त्यात धातू नाही, रंग नाही. थरांच्या जाडीच्या हिशेबाने ठरावीक तरंगलांबी परत फिरते. जवळपास पारदर्शक फिल्म ऊन अडवते ती या दोन प्रकारांमुळे.

इलेक्ट्रिक गाडीने हा विषय पुन्हा वर काढला. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ ला काचेचं छत मिळतं, एमजी विंडसरलाही मिळतं. पुढची काचही मोठी आणि आडवी होत चालली आहे. इकडे एसीचा कॉम्प्रेसर थेट मुख्य बॅटरीवर चालतो. बऱ्याच गाड्यांत तेच शीतक बॅटरीलाही थंड करतं, म्हणजे भर दुपारी फास्ट चार्जिंग करताना केबिन आणि बॅटरी एकाच कॉम्प्रेसरसाठी भांडतात. पेट्रोल गाडीत एसीचा खर्च इंजिनाच्या एकूण उधळपट्टीत लपून जातो. इथे तो पडद्यावर दिसतो.

म्हणून ‘फिल्म लावा, रेंज वाढेल’ ही जाहिरात खपते. ढोबळ हिशेब करून पाहू. हिंजवडीहून स्वारगेट, २५ किलोमीटर, संध्याकाळी दीड तास. एसीने सरासरी १ किलोवॉट घेतला तर दीड युनिट गेलं. चालवायला, युनिटला ७ किलोमीटर धरले, तर साधारण साडेतीन युनिट. एसीचा वाटा म्हणजे मोठा, तीसएक टक्के. आता फिल्मने काय वाचतं? उन्हाकडच्या बाजूच्या काचा मिळून ०.८ चौरस मीटर, त्यांवर पडणारं ऊन ४०० वॉट. कारखान्याची हिरवट काच त्यातलं सुमारे २४० वॉट आत सोडते, चांगली सिरॅमिक फिल्म लावल्यावर १७० च्या आसपास. वाचले ७० वॉट, तेही उष्णतेचे. एसी एका वॉट विजेत दोन वॉट उष्णता बाहेर काढतो असं धरलं तर विजेची बचत ३५ वॉट. मागची काच मिळवून दुप्पट धरा. दीड तासात ०.१ युनिट, म्हणजे एक किलोमीटरही नाही.

मग लोकांना फरक एवढा का जाणवतो? कारण त्वचेवर थेट पडणारं ऊन कमी होतं. उजव्या दंडाला चटका बसला नाही की माणूस २२ वर ठेवलेला एसी २५ वर नेतो, आणि वीज खरी वाचते ती तिथे. गाडी चार्जरला असतानाच ॲपवरून केबिन थंड करून निघालं, तर सुरुवातीचा सगळ्यात महागडा भार भिंतीतल्या विजेवर जातो. रेंजसाठी हा उपाय फिल्मपेक्षा बरा आणि फुकटचा.

दुकानातले आकडे वाचताना एक गणित जवळ ठेवावं. सूर्याच्या ऊर्जेत दृश्य प्रकाशाचा वाटा साधारण ४४ टक्के, अवरक्ताचा पन्नासच्या आसपास, उरलेला अतिनील. ७० टक्के दृश्य प्रकाश आत येणार असेल तर त्याच्याबरोबरच ३१ टक्के ऊर्जा आत आली. म्हणजे बाकीचं सगळं अगदी शंभर टक्के अडवलं तरी एकूण ऊन-अडवणूक ६९ च्या वर जाऊच शकत नाही, प्रत्यक्षात बरीच खाली राहते. ‘९७ टक्के आयआर’, म्हणजे इतकं अवरक्त (इन्फ्रारेड) अडवतो, हा आकडा बहुधा एका अरुंद पट्ट्यात मोजलेला असतो. एकूण किती सौरऊर्जा अडते त्याचा, म्हणजे टीएसईआरचा आकडा मागावा. दुकानात तापत्या दिव्यासमोर फिल्म धरून तिच्यामागे हात ठेवायला लावतात, तो प्रयोगही फसवा. तो दिवा बहुतांश अवरक्तच फेकतो, आणि शोषणारी फिल्म पहिली मिनिटभर गार वाटते. ती तापल्यावर हात ठेवायला कुणी थांबत नाही.

दुसरं गणित त्याहून महत्त्वाचं: टक्केवाऱ्यांचा गुणाकार होतो. मूळ काच ७५ टक्के प्रकाश सोडत असेल तर ७० ची फिल्म लावून ५२.५ उरतात. बाजूच्या काचांना हे चालतं. पुढच्या काचेवर मात्र ९० ची जवळपास अदृश्य फिल्मही ६७.५ वर आणते, म्हणजे नियमाखाली. मूळ काच ७८ असेल तर ७०.२, काठावर पास. म्हणून रोलवरचा आकडा न पाहता आधी प्रकाश मोजायच्या मीटरने नुसती काच मोजून घ्यावी. हे न करणाऱ्या दुकानात पुढचं काम करून घेण्यात अर्थ नाही.

कायद्याची गोष्ट २०१२ ला संपली नाही. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने नियम १०० मध्ये ‘सेफ्टी ग्लास’सोबत ‘सेफ्टी ग्लेझिंग’ आलं, आणि गाड्यांच्या काचांसाठीचं भारतीय मानक आयएस २५५३ भाग २ च्या २०१९ च्या आवृत्तीत आतल्या बाजूला प्लास्टिकचा थर असलेली काचही त्यात बसते. त्याच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. नगरेश यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ७०-५० ची मर्यादा पाळणारी फिल्म चालेल असा निर्णय दिला. तो निर्णय पुण्याच्या चौकात दाखवून सुटका होईलच असं मात्र समजू नये. २०१२ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा आहे, आणि चलन फाडणारा हवालदार बहुतेक वेळा डोळ्यानेच काच जोखतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली दंड पहिल्यांदा ५००, नंतर १,५०० रुपये. फिल्मचं प्रमाणपत्र आणि मीटरची नोंद गाडीत ठेवली तर वाद घालायला निदान कागद असतो.

कारखान्यातून आलेल्या काचेबद्दल वाद नाही. काचेतलं लोह अवरक्त शोषतं, हिरवट छटा त्याचीच. लॅमिनेटेड, म्हणजे दोन पत्रे जोडलेल्या काचेच्या मधल्या पीव्हीबी या प्लास्टिकच्या थरातही अवरक्तरोधक घालता येतो. गाडी निवडतानाच हे विचारलेलं सगळ्यात निर्धोक.

लावण्याच्या कामात बिघडतं ते बहुधा पाण्याने आणि धुळीने. जागा बंदिस्त हवी. रस्त्याकडेला पंखा लावून केलेल्या कामात फिल्मखाली कण अडकणारच, आणि ते कधी जात नाहीत. काच ब्लेडने खरवडून, लिटरभर पाण्यात बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब घालून धुतात. शाम्पू जास्त झाला तर गोंद धरत नाही. फिल्म बाहेरच्या बाजूने मापात कापून हीट गनने आकाराला आणतात. एका जागी गन जास्त रेंगाळली की फिल्म करपते, आणि काच तडकण्याचीही भीती असते. वरच्या कडेला २ मिलिमीटर मोकळी ठेवतात, नाहीतर काच वर जाताना रबर फिल्मची कड उचलतं. खालची कड रबराच्या आत जायला हवी. पाणी मधून कडेकडे ओढायचं.

इलेक्ट्रिक गाडीत हे पाणी जाणार कुठे, हे आधी ठरवावं लागतं. दारातले स्विच, डॅशखालची कंट्रोल युनिटं यांच्यावर जाड टॉवेल आणि प्लास्टिक हवंच. पुढच्या काचेचं काम असेल तर दुप्पट. पुढच्या कॅमेऱ्यासमोरचा भाग आणि पावसाचा सेन्सर मोकळा सोडायचा. मागच्या काचेवर डीफॉगरच्या, म्हणजे काचेवरची वाफ घालवणाऱ्या तारा आणि काही गाड्यांत अँटेना छापलेली असते. तिथे जुनी फिल्म काढताना ब्लेड चालवलं तर तार तुटते, ती वाफेनेच सोडवावी.

नंतर तीन ते पाच दिवस काचा खाली घ्यायच्या नाहीत. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत दहा दिवस धरावेत. फिल्मखाली दिसणारा धुरकटपणा आणि पाण्याचे बारीक फुगे दोन-तीन आठवड्यांत वाळून जातात. कडेला बोटांसारख्या उठलेल्या सुरकुत्या आणि घडी मात्र जात नाहीत, तिथे फिल्म बदलूनच मागावी. अमोनिया असलेला काचेचा स्प्रे टाळावा.

काचेच्या छताबाबत घाई नको. ते आधीच गडद असतं. काही छतांना आतून उष्णता परत न सोडणारा लेप असतो. त्यावर फिल्म चिकटवली की लेपाचा गुण मारला जातो. तिथे क्लिपने बसणारी कापडी जाळी पुरते, आणि आवडली नाही तर काढून ठेवता येते.