‘ट्रॉन’चा उजेड कपड्यात नव्हताच

11 एप्रिल 1983 ची रात्र आपल्याला ठाऊक आहे ती कोल्हापूरच्या भानू अथय्यांमुळे. ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी त्यांना जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर मिळालं आणि ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्या रात्री त्यांच्यासमोर कोण उभं होतं, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. नामांकनांत ‘ला ट्रावियाता’ होता, ‘सोफीज चॉइस’ होता, ‘व्हिक्टर/व्हिक्टोरिया’ होता आणि पाचवा होता डिस्नेचा ‘ट्रॉन’. एकीकडे खादी आणि धोतर, दुसरीकडे संगणकाच्या पोटात शिरलेली माणसं, अंगावर निळ्या-तांबड्या उजेडाच्या रेघा. त्यातली गंमत अशी की मोलो ‘स्टार वॉर्स’च्या वेशभूषेसाठी आधीच एक ऑस्कर घेऊन बसले होते. विज्ञानपटांच्या कपड्यांतला हा मुरलेला माणूस त्या रात्री खादीच्या बाजूने जिंकला.

हरला तो ‘ट्रॉन’. पण घरी बसून विज्ञानपटातला उजळणारा पोशाख करायचा म्हटलं की आजही पहिलं नाव निघतं ते त्याचंच. काळा घट्ट सूट, त्यावर प्रकाशाच्या रेघा, पाठीवर तबकडी. आणि ज्यांनी ज्यांनी तो करायला घेतला, त्यांना कधी ना कधी कळतंच की नक्कल करायला मूळ असं काही नाहीच. 1982 च्या त्या चित्रपटातल्या एकाही सूटमध्ये उजेड नव्हता.

कलाकारांच्या अंगावरचे ते कपडे होते पांढरे. पांढऱ्या कापडावर काळ्या रेघा आणि डोक्याला हॉकीची हेल्मेटं. मूळ कल्पनाचित्रं मोबियस या फ्रेंच चित्रकाराची, वेशभूषा इलोइस जेन्सेन आणि रोझाना नॉर्टन यांची. संगणकाच्या आतलं जग काळ्या सेटवर, 65 मिलिमीटरच्या कृष्णधवल फिल्मवर टिपलं गेलं. खरं काम त्यानंतर सुरू झालं. प्रत्येक फ्रेम मोठी करून कोडालिथ नावाच्या शीटवर उतरवायची. या शीटवर करड्या छटा टिकत नाहीत, एक तर गडद काळं नाहीतर आरपार. रेघांपुरता भाग आरपार राहील आणि बाकी काळं होईल असे मुखवटे हाताने करायचे. मग ते शीट कॅमेऱ्याखाली ठेवायचं, खालून दिवा लावायचा, मध्ये रंगीत फिल्टर घालायचा आणि फिल्मवर पुन्हा टिपायचं. चेहऱ्यासाठी वेगळी फेरी, डोळ्यांसाठी वेगळी, रेघांसाठी वेगळी. सेकंदाला 24 फ्रेम. या रंगकामाचा मोठा हिस्सा शेवटी तैवानमधल्या एका ॲनिमेशन स्टुडिओकडे पाठवावा लागला.

त्यातही एक भानगड झाली. कोडालिथच्या शीटची प्रकाश टिपण्याची ताकद खोक्यागणिक थोडी वेगळी होती. शीट क्रमाने वापरायची असतात हे कोणाच्या लक्षात आलं नाही आणि सूटवरचा उजेड मधूनच भगभगायला लागला. पुन्हा करायला वेळ नव्हता, पैसाही नव्हता. मग दिग्दर्शक स्टीव्हन लिस्बर्गर आणि मंडळींनी शक्कल लढवली. जिथे जिथे भगभग होती तिथे चरचर आवाज घातला. संगणकाच्या जगात वीज जरा खालीवर होतेय, असं प्रेक्षकाला वाटावं म्हणून. चूक झाकण्यासाठी घातलेला तो आवाज अनेकांना त्या दुनियेचा स्वभावच वाटला. मला तर अजूनही तसाच वाटतो.

या चित्रपटाला विशेष दृश्य परिणामांसाठी नामांकनसुद्धा मिळालं नाही. संगणक वापरणं म्हणजे तेव्हा लबाडी समजली गेली, असं लिस्बर्गर सांगत आले आहेत. नामांकन मिळालं ते ध्वनीला आणि कपड्यांना. म्हणजे ज्या उजेडासाठी कपडे नावाजले गेले, तो उजेड कपड्यांचा नव्हताच.

खरोखर उजळणारा पोशाख मात्र याच्या बरंच आधी अवतरला होता, आणि तोही व्हिक्टोरिया राणीच्या काळात. लंडनचं सॅव्हॉय थिएटर 1881 मध्ये इंग्रज संशोधक जोसेफ स्वॉन यांच्या विजेच्या दिव्यांनी उजळलं. पुढच्या वर्षी 25 नोव्हेंबरला तिथे गिल्बर्ट आणि सलिव्हन यांचं ‘आयोलांथी’ हे संगीत नाटक रंगभूमीवर आलं, तेव्हा त्यातल्या मुख्य पऱ्यांच्या केसांत छोटे विजेचे दिवे होते आणि त्यांची बॅटरी त्यांच्या अंगावरच लपवलेली होती. चारच महिन्यांनी, 26 मार्च 1883 ला, न्यूयॉर्कमध्ये व्हॅंडरबिल्ट घराण्याच्या सोंगांच्या मेजवानीत ॲलिस व्हॅंडरबिल्ट चक्क ‘विजेचा दिवा’ बनून आल्या. पॅरिसच्या वर्थ या नामांकित फॅशन घराण्याकडून शिवून घेतलेला सोनेरी झगा, त्यावर विजेच्या लोळांची जरी आणि हातात लपवलेल्या बॅटरीवर पेटणारी मशाल. एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र त्याच शहरात सुरू होऊन जेमतेम सहा-सात महिने झाले होते. तो झगा आजही न्यूयॉर्क शहराच्या संग्रहालयात जपून ठेवलेला आहे.

म्हणजे दिवा अंगावर घ्यायची हौस दिव्याइतकीच जुनी. अडचण एकच, ती तेव्हाही होती आणि आजही आहे: बॅटरी ठेवायची कुठे?

1981 च्या ‘याराना’त तर बॅटरीचा प्रश्नच ठेवला नाही. कोलकात्याच्या नेताजी इनडोअर स्टेडियममध्ये चित्रित झालेल्या ‘सारा जमाना’ या गाण्यात अमिताभ बच्चनच्या अंगावर दिव्यांचा सूट लुकलुकतो तो आठवा. त्या दिव्यांना वीज वायरने थेट प्लगमधून दिलेली होती, हे त्यांनीच पुढे हसत हसत सांगितलं आहे. करंट बसत होता म्हणून पाय जास्त नाचले, हेही आलंच. ‘ट्रॉन’च्या एक वर्ष आधी आपल्या पडद्यावर खरोखर उजळणारा सूट येऊन गेला होता. तो विज्ञानपट नव्हता एवढंच.

घरी शिवलेल्या पोशाखांचा धागा वेगळा आहे. जुलै 1939 मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथा वाचकांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. तिथे फॉरेस्ट अॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं भविष्यातल्या माणसांचे कपडे घालून हिंडले. कपडे मर्टलबाईंनी स्वतः शिवले होते, 1936 चा ‘थिंग्ज टू कम’ हा चित्रपट आणि फ्रँक पॉल यांची मासिकांतली चित्रं समोर ठेवून. पुढच्या संमेलनांत ही चालच पडली. जपानमध्ये 1980 च्या दशकात तिला ‘कॉस्प्ले’ हे नाव मिळालं. चित्रपट पाहायचा, फोटो जमवायचे, शिवणयंत्रावर बसायचं. कापड, फोम, रंग, गोंद सगळं साधत होतं. ‘ट्रॉन’पाशी मात्र सगळे अडकत. रेडियमची म्हणतात ती चमकणारी पट्टी लावा, ती दुसऱ्याचा उजेड परतवते, स्वतःचा देत नाही. बल्बची माळ लावा, तर ठिपके दिसतात. रेघ काही दिसत नाही.

रेघ हवी होती, सलग, कापडासारखी वळणारी. ती जिच्यातून आली ती युक्ती तशी जुनीच. 1936 मध्ये पॅरिसमध्ये जॉर्ज डेस्ट्रिओ यांनी दाखवलं की जस्ताच्या सल्फाइडची विशिष्ट भुकटी उलटसुलट होणाऱ्या विद्युतक्षेत्रात ठेवली की तापल्याशिवाय उजळते. बल्बमध्ये तार तापून लाल होते, इथे तसं काही नाही. दोन वाहकांच्या मध्ये भुकटीचा थर, बस्स. 1960 च्या आसपास क्रायस्लरच्या मोटारींच्या डॅशबोर्डमध्ये हा उजेड आला, अपोलो यानातल्या संगणकाचे हिरवे आकडे त्याचेच, आणि 1992 पासून टाइमेक्सच्या मनगटी घड्याळांत बटण दाबलं की पसरणारा तो निळसर हिरवा उजेडही तोच. पण हे सगळे सपाट पत्रे. 1990 च्या दशकात इस्रायलमधल्या एका कंपनीने हीच भुकटी तारेवर चढवली आणि इएल (इलेक्ट्रोल्युमिनेसंट, म्हणजे विजेने न तापता उजळणारी) वायर बाजारात आली.

ही वायर एकदा सोलून बघण्यासारखी आहे. मधोमध तांब्याची तार, तिच्यावर फॉस्फरचा, म्हणजे त्या उजळणाऱ्या भुकटीचा, पांढुरका लेप, त्याभोवती केसासारख्या दोन बारीक तारा मळसूत्रासारख्या गुंडाळलेल्या आणि वरून रंगीत प्लॅस्टिकचं वेष्टन. जोड द्यायचा तर वेष्टन असं सोलायचं की त्या दोन केसतारा तुटणार नाहीत. मग फॉस्फर ब्लेडने हळूच खरवडायचा आणि मधल्या तारेला एक, केसतारांना एक असे दोन डाख द्यायचे. सोल्डरिंग आयर्न जरा जास्त वेळ टेकलं की आतला थर वितळतो, दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि सगळी रेघ काळीठिक्कर. माझ्या पहिल्या चार जोडांपैकी तीन असेच गेले. भुकटीचा स्वतःचा उजेड निळसर हिरवा असतो, बाकीचे रंग वेष्टनातल्या रंगद्रव्यामुळे येतात. म्हणून निळी-हिरवी वायर झकास दिसते आणि लाल जरा मरतुकडी. ‘ट्रॉन’मधल्या निळ्या मंडळींच्या हे पथ्यावर पडलं, तांबड्या दुष्टांच्या नाही.

पेन्सिल सेलवर ही वायर थेट चालत नाही. तिला शंभरेक व्होल्टची, सेकंदाला हजारदोन हजार वेळा उलटणारी वीज लागते, त्यासाठी काडेपेटीएवढा इन्व्हर्टर येतो. करंट अगदी कमी असल्याने धोका मोठा नसला तरी उघड्या जोडाला बोट लागलं तर चांगल्या झिणझिण्या येतात. घामाने भिजलेल्या कपड्यात तर जपायलाच हवं. वायर न जोडता इन्व्हर्टर चालू ठेवला की तो जळतो, हे मी एक जाळून शिकलो.

2004 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या, चाळिशी ओलांडलेल्या एका प्रोग्रॅमरने याच वायरने ‘ट्रॉन’चा सूट केला, एका संमेलनात घालण्यासाठी. घट्ट सूट, सुटलेलं पोट आणि निळ्या रेघा. फोटो इंटरनेटवर गेले आणि लोकांनी त्याची यथेच्छ टर उडवली. टीव्हीवरच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमांतही त्याला बोलावलं, तेही मुख्यतः हसण्यासाठीच. त्याने ते हसत घेतलं हा त्याचा मोठेपणा. पण हसणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही. डिस्नेने जे कॅमेऱ्याखाली एकेक फ्रेम रंगवून केलं होतं, ते या बाबाने खरोखर अंगावर घातलं होतं. बघणारा समोर उभा असताना, फिल्टर नाही, तैवान नाही.

स्टुडिओला तिथवर पोचायला आणखी सहा वर्षं लागली. 2010 च्या ‘ट्रॉन: लेगसी’त दिग्दर्शक जोसेफ कोसिन्स्की यांनी सूट खरेच उजळायचे ठरवले. सूटवरचा उजेड शेजारच्या माणसाच्या गालावर, काळ्या चकचकीत फरशीवर पडायला हवा होता, आणि तो संगणकावर मागाहून घालणं कठीण होतं. तार न वापरता त्यांनी त्याच जातीच्या वळणाऱ्या पातळ पट्ट्या वापरल्या. बॅटरीचा सव्वाशे वर्षं जुना प्रश्नही सुटला, कारण पाठीवरची ती तबकडी कथेत होतीच. तिच्यातच सगळं दडवलं. तरी चार्ज काही मिनिटांतच उतरायचा, म्हणून शॉट सुरू झाला की दिवे लावायचे, कट म्हटलं की विझवायचे.

आता तर इएल वायरसुद्धा मागे पडत चालली आहे. एलईडीची पट्टी, वर दुधी सिलिकॉनची नळी, की ठिपक्यांची रेघ होते आणि उजेडही कितीतरी जास्त. प्रत्येक दिव्याला स्वतःचा क्रमांक असलेल्या पट्टीत एकेक दिवा वेगळा पेटवता येतो, म्हणून रेघ खांद्यावरून मनगटाकडे धाववताही येते. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला ही पट्टी मीटरवर मिळते, गणपतीच्या मखराला लावतात तीच. फक्त हिशेब आधी करावा. मीटरला 60 दिवे, प्रत्येकाला पूर्ण पांढऱ्या उजेडाला 60 मिलिॲम्पिअर, म्हणजे मीटरमागे 3.6 ॲम्पिअर. खिशातला साधा पॉवरबँक दोनेक ॲम्पिअर देतो. मखराला भिंतीतला प्लग असतो, माणसाला नसतो. म्हणून पांढरा सोडून निळा धरायचा आणि उजेड चतुर्थांशावर आणायचा. अंधाऱ्या हॉलमध्ये तेवढा पुष्कळ होतो.

भाचीच्या शाळेच्या फॅन्सी ड्रेससाठी मी तरीही इएल वायरच घेतली. काळी लेगिंग, काळा बनियन, नायलॉनच्या पारदर्शक दोऱ्याने बोटबोट अंतरावर टाके, पाठीला जेवणाच्या प्लॅस्टिकच्या ताटलीची तबकडी आणि तिच्यामागे इन्व्हर्टर. दिवसा बघितलं तर काहीच दिसत नव्हतं, ताईने तसं बोलूनही दाखवलं. संध्याकाळी खिडक्या लावल्या, ट्यूब घालवली, बटण दाबलं. निळ्या रेघा हवेत उभ्या राहिल्या आणि त्यांच्या आत कुठेतरी आमची पोर. इन्व्हर्टरची बारीक किणकिण सुरू झाली होती. भाची दोन क्षण कान टवकारून उभी राहिली आणि म्हणाली, “मामा, माझ्या पाठीत डास गेलाय का रे?”