१७-४ पीएच: ग्रेड कळला, कंडिशनचं काय?

ड्रॉइंगवर 'मटेरियल: १७-४ पीएच' एवढंच लिहिलेलं असेल, तर अर्धीच माहिती मिळाली असं समजावं. या स्टेनलेस स्टीलची किमान ताणशक्ती १३१० मेगापास्कल असू शकते, तशीच ९३०सुद्धा. बार तोच, रासायनिक घटकही तेच. फरक पडतो तो शेवटच्या हीट ट्रीटमेंटमुळे, आणि ती कोणती झाली हे सांगणाऱ्या शब्दाला 'कंडिशन' म्हणतात.

नावातले आकडे क्रोमियम आणि निकेलच्या टक्क्यांचे, तर 'पीएच' म्हणजे प्रेसिपिटेशन हार्डनिंग, धातूच्या आत सूक्ष्म कण तयार होऊन येणारा कडकपणा. कडकपणा मात्र येतो नावात नसलेल्या तांब्यामुळे, जे यात ३ ते ५ टक्के असतं. लोहार लालभडक पातं पाण्यात बुडवतो तेव्हा ते कडक होतं कार्बनमुळे. इथे कार्बन जेमतेम ०.०७ टक्क्यांपर्यंत, त्यामुळे ती वाट बंद. म्हणून काम दोन टप्प्यांत होतं. आधी बार सुमारे १०४० अंश सेल्सिअसला तापवतात. तांबं लोखंडात पूर्ण विरघळतं. मग तो थंड केला की मार्टेन्साइट ही रचना तयार होते आणि तांब्याचे अणू तिच्यात अडकून पडतात. ही झाली 'कंडिशन ए'.

दुसऱ्या टप्प्याला एजिंग म्हणतात, आणि तिथे उलटीच गंमत दिसते. पाणी दिलेलं नेहमीचं पोलाद पुन्हा तापवलं तर मऊ पडतं. हे ४८२ अंशांवर तासभर ठेवलं तर आणखी कडक होतं. अडकलेले तांब्याचे अणू एकत्र येऊन काही नॅनोमीटरचे कण बनतात. धातू वाकतो किंवा ताणला जातो तेव्हा त्याच्या स्फटिकांतले दोष सरकत असतात. हे कण त्यांची वाट अडवतात. हीच करामत १९०६ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना ॲल्युमिनियममध्ये दिसली होती, आणि तिथेही मिसळलेलं तांबंच होतं. कारण मात्र १९१९ पर्यंत कुणी नीट सांगू शकलं नव्हतं.

मग जास्त तापवलं तर जास्त कडक? नाही. तापमान वाढवलं की कण मोठे होतात, पण संख्येने कमी आणि एकमेकांपासून लांब. वाट पुन्हा मोकळी होऊ लागते. ४८२ अंशांच्या 'एच ९००' या कंडिशनमध्ये कडकपणा किमान ४० रॉकवेल सी (कडकपणा मोजण्याची एक पट्टी). ६२१ अंशांवर चार तास ठेवलेल्या 'एच ११५०'मध्ये किमान २८. पण ही उतरण म्हणजे निव्वळ तोटा नव्हे. आघात सोसण्याच्या चाचणीत एच ११५०ला किमान ४१ जूल पार करावे लागतात, तर एच ९००साठी प्रचलित अमेरिकी मानकात अशी किमान अटच नाही. मला विचाराल तर केवळ आकडा मोठा दिसतो म्हणून एच ९०० मागवणं ही या धातूच्या बाबतीतली सर्वांत महागडी हौस आहे. हायड्रोजन सल्फाइड असलेल्या तेलविहिरींच्या उपकरणांसाठी तर कडकपणा ३३ रॉकवेल सीच्या वर जाऊ देत नाहीत आणि ६२१ अंशांचं एजिंग दोनदा करायला लावतात.

हे ९०० आणि ११५० फॅरेनहाइटमधले आहेत. आपल्याकडे भट्टीचा कंट्रोलर सेल्सिअस दाखवतो. ९०० अंश सेल्सिअस लावलं, तर एजिंग राहतं बाजूला आणि मार्टेन्साइटच नाहीसं होतं.

आणखी एक आकडा आपल्या हवामानात फार महत्त्वाचा आहे: ३२ अंश सेल्सिअस. सोल्युशन ट्रीटमेंटनंतर, म्हणजे १०४० अंशांच्या पहिल्या टप्प्यानंतर, जॉब (घडवायचा भाग) याच्या खाली उतरला पाहिजे, कारण मार्टेन्साइट होण्याची क्रिया साधारण तिथे पूर्ण होते. थंड देशात 'हवेत थंड करा' एवढं पुरतं. नागपुरात मे महिन्यात शेडमधली हवाच चाळिशीपार असते. जॉब हाताला गार लागेपर्यंत थांबलात तरी आत थोडं ऑस्टेनाइट, म्हणजे मार्टेन्साइट होण्याआधीची रचना, उरू शकतं, आणि मग एजिंगनंतर कडकपणा अपेक्षेपेक्षा कमी भरतो. अशा वेळी गार पाण्याचा आधार घ्यावा लागतो.

लेथवाल्यांना हे पोलाद आवडण्याचं कारण म्हणजे बहुतेक मशीनिंग कंडिशन एमध्ये उरकता येतं. नंतरचं एजिंग कमी तापमानाचं, त्यामुळे जॉब फारसा वाकत नाही. आकुंचन होतं, पण ते आधीच ठाऊक असतं: एच ९००मध्ये १०० मिलिमीटरला साधारण ०.०५ मिलिमीटर, एच ११५०मध्ये त्याच्या जवळपास दुप्पट. तेवढी सूट ठेवून पंपाचा शाफ्ट उतरवता येतो. मात्र एजिंग न करता कंडिशन एमधलाच भाग यंत्रात बसवू नये. तो कमी चिवट असतो आणि ताणाखाली गंजून तडकण्याचा धोका मोठा.

एजिंग झालं तरी बदल कायमचे थांबत नाहीत. सुमारे ३०० अंशांच्या वर वर्षानुवर्षं चालणाऱ्या भागात क्रोमियम हळूहळू वेगळं होत जातं आणि धातू ठिसूळ बनतो. म्हणून वाफेच्या किंवा गरम तेलाच्या लाइनवरच्या व्हॉल्व्हसाठी हा ग्रेड निवडताना कामाचं तापमान आधी पाहतात, ताणशक्ती नंतर.